बुडिताच्या काठावर तंबू

पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेची मागणी आठवडाभर सारखी राहावी म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार नेमून देण्याची वीज मंडळाची जुनी पद्धत होती. तिच्यातून हा गुरुवार आला आणि चिकटला. पवना धरणाच्या काठावर तंबू लावणाऱ्या पोरांना त्यामुळे आठवड्यात दोन बाजारवार मिळतात. शनिवारी रात्री हिंजवडीची आणि मुंबईची गिऱ्हाइकं असतात. बुकिंग ऑनलाइन, माणशी हजार-दीड हजार, बार्बेक्यू, पडद्यावर सिनेमा. बुधवारी रात्री पहिली पाळी उरकून दुचाकीवर आलेली कारखान्यातली मंडळी येतात. चिकन सोबत आणलेलं असतं, फक्त शिजवून हवं असतं आणि त्यावरून भावात घासाघीस चालते. काठ तोच, चांदणं तेच, पण दोन रात्रींचा गल्ला सारखा नसतो.

निगडीहून सोमाटणे फाट्याने किंवा कामशेतवरून वळून पवनानगरला यायला तास-दीड तास पुरतो. समोर तुंग आणि तिकोना, पाठीशी लोहगड-विसापूर. लोहगड तर २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्या’तल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. अशा जागी माणूस आला की त्याला वाटतं, शहर मागे पडलं. जाहिरातीही तेच सांगतात: ‘निसर्गाच्या कुशीत’. मला मात्र हा काठ निसर्गापेक्षा कारखान्याच्या आवारासारखा वाटत आला आहे.

कारण मावळ-मुळशीत ज्यांच्या काठी तंबू लागतात ती बहुतेक तळी उद्योगानेच बांधलेली आहेत. लोणावळ्याची, वळवणची आणि शिरवत्याची तळी टाटांनी बांधली ती मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला. त्यांच्या पाण्यावरचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. आंद्रा नदीवरच्या ठोकरवाडीचं पाणी १९२२ पासून भिवपुरीला उतरू लागलं, मुळशीचं १९२७ पासून भिरा इथे. मुळशीसाठी मावळ्यांची भातखाचरं जाणार म्हणून १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह उभा राहिला आणि पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले. धरण झालंच. पवनेचं धरण त्यामानाने अलीकडचं. साठच्या दशकात काम निघालं, सत्तरच्या सुरुवातीला पाणी अडलं. ज्या पिंपरी-चिंचवड शहराची तहान त्याने पुढे भागवली ते त्याच काळात वाढत होतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९७० मध्ये नवनगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेलेली होती. धरणाचा उपयुक्त साठा साधारण साडेआठ टीएमसी. शहराचा मुख्य आधार अजूनही हेच पाणी.

धरणाखाली जमीन गेलेल्यांचा हिशेब सरकारदरबारी आहे. बाधित खातेदार १,२०३. पर्यायी जमीन मिळाली ३४० जणांना. उरले ८६३, आणि त्यांची तिसरी पिढी आता अर्ज घेऊन फिरते आहे. हे आकडे मावळात निवडणूक आली की भाषणात येतात आणि मतदान झालं की परत फायलीत जातात.

आता तंबूकडे जवळून पाहू. तीन माणसांचा डोम टेंट म्हणजे दोन लवचिक फायबरच्या काड्या, एक कापडी घुमट, खाली ताडपत्री, वर दवासाठी प्लास्टिक. मुरमात प्लास्टिकची खुंटी शिरत नाही, म्हणून सळईचे वीतभर तुकडे ठोकतात. दुपारी चारला चहा-भजी, आठनंतर शेगडीवर चिकनचे तुकडे, मग जेवण, सकाळी पोहे नाहीतर मिसळ. दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा नियम देशभर आहे, पण इथे त्याचं घड्याळ थोडं मागे चालतं. साडेआठ टीएमसी पाण्याच्या काठावर बसून प्यायचं पाणी मात्र वीस लिटरच्या जारमधून येतं.

ऑक्टोबरात तंबूंची रांग रस्त्याला लागून असते, कारण धरण भरलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी मागे सरतं तशी रांगही खाली उतरते. मग पायाखाली जे लागतं ते पाहण्यासारखं आहे. एका सरळ रेषेत दगड, मग पाच-सात पावलांवर दुसरी रेषा, त्याखाली तिसरी. शहरी पाहुण्याला त्या बसायच्या पायऱ्या वाटतात, आणि तो तसा त्यांचा उपयोगही करतो. ते भातखाचरांचे बांध आहेत. शिळींबच्या बाजूला उन्हाळ्यात वाघेश्वराचं दगडी देऊळ पाण्याबाहेर येतं. वर्षातला बराच काळ ते बुडालेलं असतं, आणि पाणी हटलं की गाववाले दर्शनाला जातात. रील बनवणारेही जातात.

पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या या जमिनीला सिंचन खात्याच्या भाषेत गाळपेर जमीन म्हणतात. राज्यभरच्या धरणांवर ती एका हंगामापुरती कसायला देण्याची रीत आहे, आणि देताना ज्यांची जमीन त्या धरणात गेली त्यांना आधी विचारायचं, असा दंडक आहे. लोक तिथे हरभरा, कलिंगड, चारा असं काहीबाही काढतात. २०१८-१९ च्या दुष्काळात चाऱ्यासाठी सरकारने अशी जमीन नाममात्र एक रुपया भाड्याने देऊ केली होती. पवनेच्या काठावरचा तंबू मला या रिवाजातलंच एक पीक वाटतो. पावसाळा सरल्यावर लागतो, पाण्यामागे सरकतो, पहिल्या जोरदार सरीला उठतो. फरक इतकाच की हरभऱ्याला कागद असतो. तंबू बहुतेकदा खात्याच्या संपादित जमिनीवर कागदावाचून उभा असतो, आणि ज्याने तो लावला त्याच्या आजोबाचं नाव कधीकाळी त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर होतं. कायद्याने हे अतिक्रमण आहे. त्या पोराला ते तसं वाटत नाही, आणि त्याला दोष देणं मला जमत नाही.

हंगामी तंबू आणि पक्कं बांधकाम यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. काठालगत बंगले उभे राहिले, पोहण्याचे तलाव झाले, तारेची कुंपणं थेट पाण्यापर्यंत गेली. ती पाणी चढलं म्हणून उठत नाहीत. कारवाईची मोहीम निघते तेव्हा मोडायला सोपं काय, तर तंबू. जेसीबीसमोर आधी ताडपत्र्या येतात. आरसीसीचा स्लॅब नोटिशीला उत्तर द्यायला वकील आणतो.

उद्योगनगरीच्या कामगारांनी मोकळ्या रानासाठी भांडणं ही जगात जुनी गोष्ट आहे. इंग्लंडात मँचेस्टर-शेफिल्डच्या मधोमध किंडर स्काउट नावाचं पठार जमीनदारांनी तितराच्या जातीच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंद ठेवलं होतं. २४ एप्रिल १९३२ रोजी गिरण्या-कारखान्यांतली काही शे तरुण मंडळी मनाई झुगारून तिथे चढली. पाच जण तुरुंगात गेले, आणि १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. आपल्याकडे चित्र उलटं आहे. शहरातून आलेल्याला काठावर कोणी अडवत नाही. अडवला जातो तो गावचा माणूस, आणि भांडण रानासाठी नसून पाण्यासाठी आहे.

ते भांडण थेट गोळीबारापर्यंत गेलं. धरणाचं पाणी नदीतूनच सोडलं जातं आणि शहर ते रावेतच्या बंधाऱ्यातून उपसून निगडीला शुद्ध करतं. वाटेतल्या गावांचे पंप त्याच प्रवाहावर चालतात. महापालिकेने धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची बंद जलवाहिनी आखली. शहराचं म्हणणं, गळती आणि प्रदूषण टळेल. गावांचं म्हणणं, नदी कोरडी पडेल. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले, त्यांत एक बाई होती. काम थांबलं. २०२३ मध्ये स्थगिती उठली, विरोध उठलेला नाही. बंद नळाचा आग्रह शहर का धरतं, हेही समजण्यासारखं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले ५३ नदीपट्टे प्रदूषित होते, देशात सर्वाधिक. पवनेचा रावेत ते दापोडी हा पट्टा त्यांत होता. थेरगावच्या केजूदेवी बंधाऱ्यावर पांढरा फेस तरंगताना दिसला की बातमी होते. हे मैलापाणी आणि रसायन शहराने स्वतःच सोडलेलं असतं, रावेतच्या खाली. आणि त्याच शहराचे लोक स्वच्छ पाणी बघायला वर येतात.

वर धरणाच्या पाण्याला पोहणारे का फसतात हेही भातखाचरांच्या त्या बांधांशी निगडित आहे. तळं संथ दिसतं, काठ उताराचा वाटतो. पण खाली जुन्या खाचरांच्या पायऱ्या आहेत, ओढ्यांचे चर आहेत, बुजलेल्या-न-बुजलेल्या विहिरी आहेत आणि या सगळ्यावर गाळ. कमरेइतक्या पाण्यातून पुढचं पाऊल एकदम डोक्यावर जातं. पाय गाळात रुततो तो वेगळाच. त्यात पोटात दारू असली तर विचारायला नको. मावळात दर वर्षी माणसं जातात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघे मेले. प्रत्येक वेळी मनाईहुकूम निघतो, फलक लागतो. पवनेत माणूस बुडाला की पाण्यात उतरून शोध घेणाऱ्यांत मात्र आसपासचे तरुण असतात, तंबू लावणारेही.

माझं म्हणणं एवढंच की कॅम्पिंगला गाळपेराचा नियम लावावा. ऑक्टोबर ते मे असा एका हंगामाचा परवाना द्यावा आणि तो त्या ८६३ खातेदारांच्या कुटुंबांना आधी विचारून, उरला तर इतरांना. अटी मोजक्या हव्यात. पक्कं काही बांधायचं नाही. शौचालय पूर्ण पातळीच्या रेषेच्या वर, बंद टाकीचं, आणि टाकी उपसल्याची पावती दाखवायची. शेवटी हेच पाणी खाली निगडीच्या नळाला येतं. दर वीस तंबूंमागे पोहता येणारा एक माणूस, दोरी आणि लाइफ जॅकेटं. यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे: परवाना दिला की सरकार म्हणेल, घ्या, झालं पुनर्वसन. म्हणून आदेशात पहिलंच वाक्य असं हवं, की या परवान्यामुळे पर्यायी जमिनीचा हक्क कमी होत नाही. ते वाक्य नसेल तर गावांनी त्या कागदावर सही करू नये.