जुन्या मोटारीतील टॅकोमीटरचे दोषनिदान

टॅकोमीटर (बोलीभाषेत आरपीएम मीटर) हे इंजिनाचा क्रँकशाफ्ट एका मिनिटात किती फेरे घेतो ते दाखवणारे उपकरण आहे. जुन्या मोटारींत त्याचा काटा थरथरणे, एकाएकी शून्यावर पडणे किंवा अवास्तव आकडा दाखवणे हे दोष वारंवार आढळतात. अशा वेळी मीटरच बदलण्याकडे कल असतो. परंतु पुष्कळदा मीटर शाबूत असते आणि आपल्याकडे आलेला सदोष संकेतच ते दाखवत असते. म्हणून काट्याची अस्थिरता हे अनेकदा प्रज्वलन किंवा चार्जिंग यंत्रणेतील बिघाडाचे पहिले लक्षण ठरते.

संकेताचा उगम

सर्वांत जुन्या टॅकोमीटरांत इंजिनाशी जोडलेली लवचीक केबल मीटरमधील चुंबक फिरवत असे. अशा मीटरचा काटा डोलू लागला, तर केबलमधील वंगण सुकलेले असते किंवा केबल कुठेतरी तीव्र वळणात अडकलेली असते.

पुढील काळातील पेट्रोल मोटारींत संकेत इग्निशन कॉइलच्या ऋण टोकावरून घेतला जातो. चार सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. त्यामुळे ३००० आरपीएमला मीटरकडे सेकंदाला १०० स्पंद येतात. सहा सिलिंडरांसाठी जुळवलेले मीटर अशा इंजिनाला लावल्यास ते दोन तृतीयांश, म्हणजे २००० एवढेच दाखवते. मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारींत हे मीटर बहुधा मालकाने नंतर बसवलेले असते. त्यामुळे मीटरच्या मागील सिलिंडर निवडण्याची कळ आधी पाहावी.

पेट्रोल इंजिनातील कारणे

डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडताच कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात २०० ते ४०० व्होल्टचा झटका निर्माण होतो. मीटर हेच झटके मोजते. पॉइंट जळलेले असल्यास, कंडेन्सर निकामी झाल्यास किंवा डिस्ट्रिब्युटरचा दांडा ढिला झाल्यास एका ठिणगीमागे अनेक खोटे स्पंद उमटतात आणि काटा वर उसळतो. रोधक स्पार्क प्लग किंवा रोधक वायर काढून साध्या तांब्याच्या वायर बसवल्यानेही असेच होते. त्याच वेळी रेडिओतही खरखर ऐकू येते.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडते त्या क्षणी काट्याकडे लक्ष असणे फार उपयोगी असते. गाडी गिअरमध्ये असून चाके इंजिनाला फिरवत असतानाही काटा झटकन शून्यावर आला, तर कॉइलचा प्राथमिक विद्युतप्रवाह खंडित झालेला असतो. काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरला, तर बिघाड बहुधा इंधनपुरवठ्यात असतो. इंजिन सुरळीत चालू असून केवळ काटाच पडत असेल, तर मीटरची वायर, फ्यूज किंवा अर्थिंग तपासावे. काही जुन्या ब्रिटिश मीटरांत कॉइलकडे जाणारा प्रवाहच मीटरमधील वेटोळ्यातून जातो. तेथील सैल जोड इंजिनही बंद पाडू शकतो.

डिझेल इंजिनातील कारणे

डिझेल इंजिनात ठिणगी नसल्याने संकेत बहुधा अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टोकावरून येतो. अर्थात मीटर प्रत्यक्षात अल्टरनेटरची गती मोजते आणि पट्टा घसरला की आकडा खाली येतो. जालना जिल्ह्यातील शहागड येथे गोदावरी ओलांडून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर रात्री एखाद्या जुन्या डिझेल गाडीचे दिवे लावताच काटा लटपटू लागला, पण इंजिनाचा आवाज तोच राहिला, तर अल्टरनेटरवरील वाढलेल्या भाराने पट्टा घसरत असण्याची शक्यता मोठी असते. झिजलेले ब्रश आणि निकामी डायोड यांमुळेही काटा फडफडतो. यांत्रिक पंपाचे इंजिन विजेवाचूनही चालत राहू शकते, त्यामुळे चालकाला धोका जाणवत नाही. बॅटरी मात्र उतरत असते. प्रथम दिवे मंदावतात आणि इंजिन एकदा बंद केले की स्टार्टर फिरत नाही. इंधन रोखणारा सोलेनॉइड असलेल्या पंपात तर इंजिन वाटेतच थांबू शकते.

तपासणी

आरंभ अर्थिंगपासून करणे श्रेयस्कर असते, कारण त्याला खर्च जवळजवळ नसतो. इंजिन चालू ठेवून मीटरचे अर्थ टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील व्होल्टता मोजावी, ती ०.२ व्होल्टपेक्षा अधिक असल्यास जोड घासून घट्ट करावा. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. कॉइलच्या टोकावर मल्टिमीटर लावताना त्याची क्षमता आधी पाहावी, कारण वरील झटका साध्या उपकरणास आणि हातासही इजा करतो. उन्हाळ्यात मराठवाड्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. इंजिनाजवळील वायरींचे आवरण वर्षानुवर्षांच्या अशा उष्णतेने कडक होऊन तडकते. म्हणून इंजिन चालू असताना वायरींचा जुडगा फिरत्या भागांपासून दूर ठेवून हलक्या हाताने हलवून पाहतात.

हे सर्व निर्दोष आढळल्यासच मीटर उघडावे. आत बहुधा मंडलपट्टीवरील डाखाला पडलेली बारीक चीर किंवा वाळलेला कंडेन्सर सापडतो. काही मीटरांत काट्याचे कंपन शमवणारे सिलिकॉन तेल आटलेले असते. असा काटा मंद गतीवर थरथरतो, पण त्याचा सरासरी आकडा बरोबर असतो.