ताप उतरला, शक्तीचे काय?

ताप उतरला म्हणजे रोग सरला, अशी आपल्याकडे एक सोयीस्कर समजूत आहे. रुग्णाने पेज घेतली, अंगणात चार पावले टाकली, की घरची मंडळी निश्चिंत होतात आणि बागायतदाराचा कामावर येण्याविषयी निरोप येतो. माकडतापाने ही समजूत खोटी ठरविली आहे.

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या अरण्यात प्रथम आढळलेला हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसाच्या शरीरात शिरतो. २०१५ साली तो सत्तरीत प्रकटला, २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात. दोडामार्गाची वेस ओलांडली की एकीकडे डिचोली आणि दुसरीकडे पेडणे! या तापाचा हंगाम आणि काजूचा हंगाम एकच. साहजिकच बोंडू वेचणारे, सरपण आणणारे, गुरे राखणारे कष्टकरीच त्याचे भक्ष्य होतात.

ताप आठ-पंधरा दिवसांत जातो. परंतु स्नायूंचे दुखणे आणि अशक्तता कित्येकदा काही महिने टिकते. ज्याचे पोट काजूच्या चढणीवर अवलंबून, त्याला ती चढणच चढवत नाही. कोविडनंतरही अनेकांनी हाच अनुभव घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या अवस्थेची रीतसर व्याख्या केली, तेव्हा कुठे या थकव्याला जगात मान्यता मिळाली. अशा काही रुग्णांना श्रम झाले की दुसऱ्या दिवशी दुखणे दुणावते. त्यांना 'अंग मोडून काम कर, म्हणजे बरे वाटेल' असे सांगणे हा उपचार नव्हे, अपाय होय.

तथापि प्रत्येक थकवा विषाणूच्याच माथी मारून स्वस्थ बसणेही इष्ट नाही. पंडुरोग, मधुमेह, क्षय यांची तपासणी व्हावयासच हवी. आरोग्य केंद्रांनी माकडतापाच्या रुग्णाला महिन्याने व तीन महिन्यांनी पुन्हा बोलावून त्याची शक्ती कितपत परतली हे पाहावे. बागायतदारांनी त्याला चढणीऐवजी बिया निवडण्यासारखे बैठे काम द्यावे. शासनाने बुडालेल्या मजुरीचा विचार करावा. कारण रोजंदारीवरच्या माणसाला 'विश्रांती घ्या' असा नुसता उपदेश करणे म्हणजे त्याला उपाशी राहावयास सांगणे होय.

आणि घरच्यांनी? त्यांनी 'आळशी' हा शब्द तेवढा आवरावा. रुग्णाचा ताप मोजावयास तापमापक आहे. त्याचा थकवा मोजणारे यंत्र घरात नसते. तेथे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे, हीच खरी शुश्रूषा.