वायूंचा गत्यात्मक सिद्धांत आणि सीमाभागातील परीक्षार्थी

बेळगावच्या टिळकवाडीत आर.पी.डी. आणि गोविंदराम सेक्सरिया विज्ञान ही दोन जुनी महाविद्यालये आहेत. सीमाभागात दहावीपर्यंत मराठी वा उर्दू माध्यमातून शिकलेला विद्यार्थी पी.यू.च्या विज्ञान शाखेत आला, की पदार्थविज्ञान एकदम इंग्रजीतून सुरू होते. सीईटी व नीट या दोन्ही परीक्षांना असलेले ‘कायनेटिक थिअरी’ हे प्रकरण लहान, सूत्रे मोजकी. म्हणून ते पाठ करून बाजूला ठेवले जाते आणि गुण तेथेच जातात.

सूत्राआधी चित्र डोळ्यांसमोर यावे. बंद डब्यातील वायू म्हणजे सर्व दिशांना धावणारे असंख्य रेणू. ते भिंतीवर आदळून परततात. या आदळण्याचा एकत्रित परिणाम म्हणजे दाब, हे डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ मध्येच मांडले होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. तेथे तितक्याच जागेत पणजीपेक्षा कमी रेणू असतात, म्हणून हवेचा दाबही सुमारे आठ-नऊ टक्क्यांनी कमी भरतो. तापमान मात्र रेणूंच्या संख्येवर नव्हे, तर त्यांच्या सरासरी गतिज ऊर्जेवर ठरते.

उर्दूत या सिद्धांताला ‘हरकी नजरिया’ म्हणतात. उर्दूत ‘हरकत’ म्हणजे हालचाल, मराठीत तोच शब्द आक्षेप या अर्थी रूढ झाला. या सिद्धांताच्या इतिहासात दोन्ही अर्थ आढळतात, ही गंमतच. खोलीच्या तापमानाला ऑक्सिजनच्या रेणूची चाल सेकंदाला सुमारे ४८० मीटर येते. मग अत्तराची कुपी उघडल्यावर वास क्षणात खोलीभर का पसरत नाही? अशाच स्वरूपाचा आक्षेप डच शास्त्रज्ञ बॉइस बॅलट यांनी १८५८ मध्ये घेतला. त्याच वर्षी क्लाउसियुस यांनी उत्तर दिले: रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्यापूर्वी फारच थोडे अंतर जातो, आणि प्रत्येक टकरीला त्याची दिशा बदलते. हवेत हे सरासरी अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. परीक्षेतील ‘मीन फ्री पाथ’ तो हाच.

आता नेहमी विचारले जाणारे उदाहरण. २७ अंश सेल्सिअसला रेणूंची जी चाल आहे, ती दुप्पट कोणत्या तापमानाला होईल? चाल तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तापमान चौपट हवे. घाईत विद्यार्थी २७ ला चारने गुणतो आणि १०८ लिहितो. पर्यायांत १०८ बहुधा असतेच. येथे तापमान केल्व्हिनमध्ये घ्यावे लागते: ३०० चे १२००, म्हणजे ९२७ अंश सेल्सिअस. नीटमध्ये या एका चुकीने चार गुण हुकतात, शिवाय एक वजा होतो.

भाषेचा प्रश्न येथे केवळ सोयीचा राहत नाही. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतून २०१७ पासून व उर्दूतून २०१८ पासून मिळू लागली. परंतु माहितीपत्रकाप्रमाणे उर्दूचा पर्याय देशभरातील केंद्रांवर आणि मराठीचा फक्त महाराष्ट्रातील केंद्रांवर, असा भेद ठेवण्यात आला. त्यामुळे बेळगावात परीक्षा देणाऱ्याला उर्दू प्रश्नपत्रिका मिळते. मराठी हवी असल्यास महाराष्ट्रातील केंद्र निवडावे लागते. भाषांतराबाबत संदिग्धता उद्भवल्यास इंग्रजी मजकूरच प्रमाण मानला जातो. म्हणून ‘रेणू’ आणि ‘सालमा’ यांच्या शेजारी वहीत ‘मॉलिक्यूल’ हा शब्दही पहिल्या दिवसापासून लिहिलेला असावा.