साखळी की पट्टा?

मोटारसायकलचे इंजिन पुढे असते. ढकलायचे असते मागचे चाक. मग इंजिनाचा जोर मागे न्यायचा कसा? बहुतेक गाड्यांत हे काम साखळी करते. तिलाच आपण चेन म्हणतो. काही गाड्यांत चेनच्या जागी रबरी पट्टा असतो.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक दूधवाले काका येतात. रोज पहाटे दोन्ही बाजूंना कॅन लटकावून ते मोटारसायकलने शहरात दूध घालतात. त्यांना कुणीतरी विजेवर चालणारी, पट्ट्याची मोटारसायकल सुचवली. "तेल नको, खडखड नको, ताण काढायला नको," असे विकणारा म्हणाला. काकांनी वर्गात विचारले, "काय करू? घेऊ का?" प्रश्न काही हजारांचा होता. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून माहिती काढली. ती इथे देत आहोत.

पट्टा आपल्याला नवा नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा तुम्ही पाहिला असेल. तो सपाट असतो. दळण जास्त पडले की घसरतो. मग गिरणीवाला त्याला राळ लावतो. पहिल्या पहिल्या मोटारसायकलींना असाच चामड्याचा पट्टा असे. कोरड्या रस्त्यावर तो ठीक चाले. पाऊस आला की भिजे आणि घसरे. इंजिन फिरतेय, पण गाडी चढावर उभीच! अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या सुरुवातीच्या गाड्या चामडी पट्ट्याच्याच होत्या. १९१२ पासून तिने साखळीची गाडीही काढली. अशी साखळी त्याआधीच निघालेली होती. हान्स रेनॉल्ड नावाच्या एका स्विस माणसाने इंग्लंडात मँचेस्टरला १८८० मध्ये ती बनवली. आपल्या सायकलची चेन त्याच घराण्यातली.

ही साखळी साधी दिसते, पण आत बरेच काही आहे. प्रत्येक जोडात एक खिळी असते. खिळीवर नळी आणि नळीवर फिरते रूळ. खिळी आणि नळी सारख्या एकमेकींवर घासतात. तेल हवे ते तिथे. चेन सैल पडली की आपण म्हणतो, "लोखंड ताणले." खरे म्हणजे लोखंड ताणत नाही, जोड झिजतात. एकेका जोडात केसाच्या जाडीइतकी झीज झाली, तरी शंभर जोडांत मिळून लांबी अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त वाढते. मग चेन दात्यांवर नीट बसत नाही आणि दातेही खाते. म्हणून चेन बदलताना पुढचे-मागचे दातेरी चाकही बदलतात. नव्या चेनला जुने दाते ठेवले, तर चार पैसे वाचत नाहीत, उलट जातात.

आता आजचा पट्टा. हा चामड्याचा नव्हे. याला आतून दात असतात. ते चाकाच्या खाचांत बसतात, म्हणून तो घसरत नाही. पोटात मजबूत धागे असतात, म्हणून तो सहसा ताणत नाही. हार्लेने असा पट्टा १९८० मध्ये आणला. आपल्याकडे एथर कंपनीच्या विजेच्या स्कूटरला आणि रिव्होल्टच्या आरव्ही ४०० मोटारसायकलला तो आहे. (बिनगिअरच्या पेट्रोल स्कूटरच्या पोटातही एक पट्टा असतो. पण तो वेगळ्या जातीचा. त्याची गोष्ट पुन्हा कधी.)

म्हणजे विकणारा खोटे बोलला नाही. पट्ट्याला तेल लागत नाही. आवाज कमी. चेनपेक्षा तो टिकतोही जास्त. शहरातल्या डांबरी रस्त्यावर आम्हीही पट्टाच घ्या म्हणू.

पण काकांची वाट कुठली? गोठ्यापासून ओढ्यापर्यंत खडी आणि पुढे उसाच्या शेतांमधला चिखल. पट्टा आणि दातेरी चाक यांच्यामध्ये खडा सापडला, की तो पट्ट्यात रुततो आणि आतले धागे तोडतो. चेन खराब होताना बोलते. खडखडते, सैल पडते, आपल्याला वेळ देते. पट्टा फारसे बोलत नाही. त्याच्या कडेचे धागे सुटलेत का, दाताला चीर आहे का, हे वाकून बघावे लागते. आणि पट्टा अखंड असतो. तुटला तर सांधता येत नाही, नवाच घालावा लागतो. तो तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. चेन कुठल्याही नाक्यावर मिळते. तिचे लॉक काढले की दुसरी चढते. फक्त लॉकच्या चापाची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवा. उलटी बसवली तर चाप उडू शकतो.

चेनची निगा फार अवघड नाही. मऊ ब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावून धुवा, पुसा, मग नव्वद नंबरचे गिअर ऑइल द्या. पावसाळ्यात लवकर लवकर द्या. लहान गाड्यांची चेन मधोमध वरखाली हलवली, तर साधारण दोन-अडीच सेंटीमीटर हलावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. अगदी ताठ करू नका, आतले बेअरिंग जाते. फार सैलही नको. उतरलेली चेन चाक जाम करते आणि माणूस पडतो. ताण काढताना चाक मागे सरकते. म्हणून ड्रमब्रेक असेल तर तोही पुन्हा जुळवून घ्या. हे बरेच जण विसरतात.

आता एक गोष्ट जपून वाचा. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, मागचे चाक फिरतेय आणि हातात फडके! चेन पुसायची ही खोड फार वाईट. फडके ओढले जाते आणि त्याच्यामागे बोट. असे पेर गेलेला माणूस आम्ही पाहिला आहे. इंजिन बंद करा, किल्ली काढा, चाक हाताने फिरवा. पट्टासुद्धा बोटाला दयामाया दाखवत नाही. विजेची गाडी तर आवाजच करत नाही. ती चालू आहे की बंद, कळत नाही. तिथे किल्ली आधी काढा.

तशीच गोष्ट पदराची आणि ओढणीची. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत, म्हणून मागचे चाक निम्म्याहून कमी झाकू नये, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. ती जाळी दिसायला बरी नाही म्हणून काही पोरे काढून टाकतात. पुन्हा लावून घ्या.

काकांनी चेनचीच गाडी ठेवली. त्यांच्या सुनेने शहरात कामाला जायला पट्ट्याची स्कूटर घेतली. परवा काका सवयीने तेलाची बुधली घेऊन तिच्याकडे निघाले. सूनबाई स्वयंपाकघरातूनच ओरडल्या, "मामा, थांबा! तिला तेल चालत नाही!"