वाणात गुलाब आणि चॉकलेट

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे घरोघरी हळदी-कुंकू असते. वाणाच्या प्लॅस्टिक डब्यांनी फळ्या भरल्या. म्हणून यंदा आमच्या गटाने ठरवले, प्रत्येकीला एक गुलाब आणि एक चॉकलेट.

जोडी छान, पण दोघांचे स्वभाव उलटे. गुलाबाला पाणी लागते, चॉकलेटला ओल चालत नाही. अर्धवट उमललेले फूल सकाळीच तोडा. देठ तिरपा कापून दोन तास पाण्यात ठेवा. काटे आणि खालची पाने काढा. देताना देठाच्या टोकाला ओला कापूस लावून वरून पिशवीचा तुकडा बांधा.

चॉकलेट साधारण 34 अंशांना वितळते, म्हणून ते उन्हात किंवा चुलीजवळ नको. फ्रिजमध्ये उघडे ठेवले तर ओल आणि वास धरते. वेष्टनावरची तारीख बघूनच घ्या. दोन्ही वस्तू बांधायच्या त्या अगदी शेवटी. साखरेचा आजार असलेल्या बाईला नुसता गुलाब द्या.

आणि हे वाण विधवा बहिणीलाही द्यायचे. दरवर्षी ती आतल्या खोलीत चहा करत राहते. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शासनानेही इतर गावांना तसे आवाहन केले. आपल्या अंगणात तर ठरावाचीही गरज नाही. तिला आधी बोलवा, गुलाब हातात द्या. केसांत माळायचा की नाही, ते तिचे ती ठरवेल.