हृदयाची गळकी झडप

सिद्धगडाची चढण चढतांना धडधाकट माणसासही धाप लागते. परंतु घटकाभर टेकलें म्हणजे ती निवते. पायथ्याच्या सपाट वाटेवरही ज्याला धाप लागूं लागली, रात्रीं उताणें निजतां येईनासें झालें, त्याच्या हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. अशा धापेचें एक कारण म्हणजे हृदयांतील गळकी झडप होय.

हृदयाच्या डाव्या बाजूस दोन कप्पे आहेत. फुप्फुसांत शुद्ध झालेलें रक्त वरच्या कप्प्यांत येतें व खालचा कप्पा तें साऱ्या शरीरांत फेंकतो. या दोहोंमध्यें दोन पातळ पाकळ्यांची मिट्रल नांवाची झडप असते. पाकळ्यांच्या कडा बारीक दोऱ्यांनीं खालच्या कप्प्यांतील स्नायूंना बांधलेल्या असतात. कप्पा आवळला कीं पाकळ्या मिटतात आणि दोऱ्या त्यांना उलट फिरूं देत नाहींत. दिवसाकाठीं सुमारें एक लाख वेळां ही उघडझांप चालते.

दोरी तुटली, पाकळी सैल पडली वा आखडली, अथवा झडपेची चौकट ताणली गेली, कीं प्रत्येक ठोक्यास कांहीं रक्त मागें फिरतें. ही तूट भरून काढण्यासाठीं हृदय मोठें होतें. खरी फसगत येथेंच आहे. कारण वर्षानुवर्षें हें सारें मुकाट्यानें चालतें आणि धाप लागेपर्यंत पुष्कळदां स्नायूचें बळ ओसरलेलें असतें. खालच्या कप्प्यांतील रक्तापैकीं दर ठोक्यास बाहेर पडणारा भाग ६० टक्क्यांवर उतरला, तर एरव्हीं चिंता नसते. झडप फार गळत असतां मात्र हाच आकडा धोक्याचा ठरतो, कारण त्यांतील कांहीं वांटा उलट दिशेस गेलेला असतो. म्हणून रोग्याची तक्रार नसली तरी अशा वेळीं शस्त्रक्रियेचा विचार होतो. ध्वनिलहरींनीं हृदयाचें चित्र दाखविणाऱ्या इको तपासणींत हें सारें कळतें.

मग उपाय कोणता? १९६० सालीं अमेरिकेंत डॉ. अल्बर्ट स्टार यांनीं, अभियंता लोवेल एडवर्ड्स यांच्या साह्यानें घडविलेली कृत्रिम झडप मिट्रलच्या जागीं बसविली. आपल्या देशांत तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेंत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखालीं देशी झडप तयार झाली व ती १९९० सालीं प्रथम रोग्याच्या हृदयांत बसली. तथापि अशा यांत्रिक झडपेवर रक्त गोठूं नये म्हणून जन्मभर औषध घ्यावें लागतें आणि वेळोवेळीं रक्त तपासावें लागतें. औषध कमी पडलें तर गुठळी होते, अधिक झालें तर रक्तस्राव होतो. जनावरांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेस हें औषध सहसा जन्मभर लागत नाहीं. पण ती कांहीं वर्षांनीं झिजते व तरुणांमध्यें लवकर झिजते.

यासाठींच जेथें शक्य तेथें मूळ झडप दुरुस्त करणें श्रेयस्कर. फ्रान्सचे डॉ. कार्पांतिए यांनीं या दुरुस्तीस शास्त्राचें रूप दिलें. पाकळीचा सैल भाग काढून कडा शिवणें, तुटलेल्या दोरीच्या जागीं नवी ओवणें, ताणलेल्या चौकटीस कडें बसविणें, हे तिचे प्रकार. शहरांतील रोग्यास रक्ततपासणी कोपऱ्यावर होते; डोंगराखालच्या पाड्यावरील शेतकऱ्यास तीसाठीं दिवसाची मजुरी बुडवावी लागते. म्हणून रोगी इस्पितळापासून जितका दूर, तितकें दुरुस्तीचें मोल अधिक.

छाती उघडणें ज्यांना सोसणार नाहीं, अशा निवडक रोग्यांसाठीं तिसरा मार्ग निघाला आहे. इटलीचे डॉ. अल्फिएरी यांनीं १९९१ सालीं दोन्ही पाकळ्या मध्यभागीं टांक्यानें जोडल्या. याच कल्पनेवर २००३ पासून मांडीच्या शिरेंतून नळी हृदयांत नेऊन, हृदय चालू असतांनाच, पाकळ्यांना चिमटा लावतां येऊं लागला. पण हा चिमटा सर्वांचा तारक नव्हे. हृदयाचा स्नायूच दुबळा होऊन झडप गळत असलेल्या रोग्यांवर झालेल्या दोन मोठ्या चांचण्यांचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. अमेरिकेंतील चांचणींत मृत्यू घटले, फ्रान्समधील चांचणींत लाभ आढळला नाहीं. रोगी पारखून घेणें हेंच येथें मुख्य कौशल्य.

आपल्याकडे झडप बिघडण्याचें एक मोठें कारण मात्र बालपणांतलें आहे. विशिष्ट जंतूंनीं घसा दुखून ताप येतो. पुढें दोन-तीन आठवड्यांनीं सांधे सुजतात आणि कांहीं मुलांच्या झडपेस कायमची इजा होते. यास ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. गर्दीच्या, गरीब वस्त्यांत तो अधिक आढळतो. त्यानें आखडलेली झडप दुरुस्त करणें कठीण आणि तीस चिमटाही सहसा बसत नाहीं. परंतु घशाच्या दुखण्यावर वेळींच पेनिसिलिन दिलें, तर हा ताप टळतो. एकदां येऊन गेलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षें न चुकतां दिली, तर पुढची हानि पुष्कळ अंशीं रोखतां येते.

हृदयशस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत बसूं शकतो. पण त्या योजनेपर्यंत रोगी वेळेवर पोंचला पाहिजे. छातीवर नळी टेकवून ऐकणाऱ्या डॉक्टरास गळक्या झडपेचा फुसफुसाट धाप लागण्याच्या कितीतरी आधीं ऐकूं येतो. तालुक्याच्या दवाखान्यांतील त्या एका मिनिटाच्या तपासणीवरच पुष्कळदां पुढचें सारें अवलंबून असतें.