शालीआधीचे भाडे

कवीच्या घरात शालींना तोटा नसतो. कवितेसाठी लागणारा कागद मात्र पदरमोड करूनच आणावा लागतो. म्हणूनच विद्वानांच्या संस्था शास्त्रज्ञांना नेमके काय देतात, याचे मला साध्या बी.ए.ला कुतूहल वाटते.

पुरस्कार झालेल्या कामाला मिळतो, अनुदान व्हायच्या कामाला. आपल्याकडे मात्र एक जुना प्रयत्न सुरू झाला तो टपालाने. 1907 साली व्ही. रामस्वामी अय्यर या मद्रासकडच्या डेप्युटी कलेक्टरांनी गणितप्रेमींची एक मंडळी जमवली. वर्गणी वर्षाला 25 रुपये. परदेशी नियतकालिके एकट्याला परवडत नसत. सगळ्यांनी मिळून मागवायची आणि टपालाने फिरवायची. हीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते. तिच्या नियतकालिकात 1911 मध्ये रामानुजन यांचा निबंध छापून आला, तेव्हा त्यांच्याजवळ पदवीही नव्हती. 1913 साली मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा 75 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पोटाची काळजी मिटली.

फर्ग्युसनच्याच द. रा. कापरेकरांचे तसे झाले नाही. 1927 साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे देवळालीच्या शाळेत मास्तरकी. 6174 ही त्यांची संख्या. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्याकडून लहानाकडे लावा, त्यातून उलटी मांडणी वजा करा. हेच करत राहा, सातव्या वजाबाकीच्या आत 6174 हाती येते. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले. जगात नाव झाले. घरी निवृत्तिवेतन पुरत नव्हते, म्हणून कापरेकर शिकवण्या घेत होते. मला हे वाचून राग येतो.

आता देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना उन्हाळ्यात दोन महिने शास्त्रज्ञांच्या हाताखाली पाठवत आल्या आहेत. शिष्यवेतन मिळते, रेल्वेभाडेही. सातारा-सांगलीकडच्या मुलांना खरी अडचण असते ती याच भाड्याची.

आमच्या गल्लीतली एक मुलगी अशीच बंगळूरला निघाली. तिच्या अब्बांनी मला विचारले, “भाईजान, पोरीला बक्षीस मिळालं का?”

“नाही,” मी म्हणालो, “जायचं भाडं मिळालं.”